अकरावे राजदूत

"रिकाम्या जागेला इतिहास नसतो, काका," राजदूतसाहेब म्हणाले आणि त्यांनी कागद कुलूपकाकांकडे परत सरकवला.

कागदावर एकच ओळ होती आणि ती लिहिण्याचा धीर व्हायला कुलूपकाकांना एकतीस वर्षं लागली होती. दोन देशांच्या राजनैतिक संबंधांना साठ वर्षं झाली म्हणून दूतावास स्मरणिका काढत होता. शिवाय खालच्या दालनात आजवरच्या वीस राजदूतांच्या तसबिरी लागणार होत्या. अकराव्या आणि बाराव्या राजदूतांच्या मध्ये मात्र तीन वर्षं दोन महिने कोणीच नव्हतं. अडवलेल्या एका जहाजावरून दोन्ही सरकारं हमरीतुमरीवर आली, दोघांनी आपापले राजदूत परत बोलावले, साहेब लोक विमानाने उडाले आणि इमारतीच्या किल्ल्या सगळ्यांत नव्या स्थानिक कारकुनाच्या गळ्यात पडल्या. त्याने रोज सकाळी दार उघडलं, झाडून घेतलं, आलेली पत्रं तारखेप्रमाणे लावली आणि संध्याकाळी कुलूप घातलं. कुलूपकाका हे नाव तेव्हाचं. महिनाभरात ते निवृत्त होणार होते आणि त्यांना फक्त आपल्या नावाची ती ओळ स्मरणिकेत छापून हवी होती.

"पण साहेब, तेव्हा इथे मीच होतो."

"होतात हो! पण अधिकारपत्र सादर केलं होतं का तुम्ही? ज्याने अधिकारपत्र दिलं तोच प्रतिनिधी. अकरावे बघा. सोमवारी अधिकारपत्र दिलं, शुक्रवारी परत गेले. पण नियमात बसतात."

म्हणजे चार दिवस खुर्चीत बसलेला भिंतीवर आणि तीन वर्षं ती खुर्ची पुसणारा भिंतीच्या कडेला. काका "बरं" म्हणाले. नोकरीत त्यांनी हाच एक शब्द मनापासून घोटवला होता.

घरी बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, मी सगळ्या नातेवाइकांना सांगून बसलेय! दादाने तर पुस्तक ठेवायला कपाटात जागा केलीय."

"जागा नव्हती म्हणून सांग."

"साठ वर्षांच्या पुस्तकात एका ओळीला जागा नाही? आणि तुम्ही नंदीबैलासारखी मान हलवून आलात!"

इकडे दूतावासात नवीच पंचाईत झाली. चार दिवसांत अकराव्या राजदूतांचा फोटो काढायला कुणाला सुचलंच नव्हतं. सचिवबाई हुशार होत्या आणि वर्षभरापूर्वीच आलेल्या होत्या. त्यांनी त्या सालची फाइल उपसली, तर आत फोटो सापडला. झोकदार कोट घातलेला तरुण दूतावासाच्या दारात उभा. त्या सालात कोट घालून दारात उभा राहणारा दुसरा कोण असणार? बाईंनी फोटो मोठा करून मढवला आणि खाली पितळी पाटी ठोकली.

समारंभाच्या सकाळी काकांनी तो पाहिला आणि जवळ जाऊन पुन्हा पाहिला. फोटो त्यांचाच होता. इमारत सांभाळणाऱ्याला इथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा पास हवा, पासाला फोटो हवा आणि फोटोत कोट हवा, असा नियम होता. अकरावे साहेब घाईत आपला कोट खुंटीवर विसरले होते. तो काकांना इतका ढगळ झाला, की त्यांनी दोन्ही हातांनी तो छातीशी आवळून धरला होता. एका हातात किल्ल्यांचा जुडगाही दिसत होता.

सांगावं, असं त्यांना वाटलं. सचिवबाईंच्या खोलीच्या दारापर्यंत ते गेलेही. पण दारातून एकदा मागे वळून भिंतीकडे पाहिलं आणि मोह झाला. नाव दुसऱ्याचं असलं म्हणून काय, तोंड तर आपलं आहे! ते गुपचूप परत फिरले.

संध्याकाळी यजमान देशाचे परराष्ट्रमंत्री आले. फीत कापून झाली आणि ते अकराव्या तसबिरीपुढे थबकले.

"यांना मी ओळखतो!" मंत्री म्हणाले. "मी तेव्हा साधा अधिकारी होतो. निषेधाची पत्रं घेऊन इथे यायचो. हे आधी चहा द्यायचे आणि मग पत्र घ्यायचे. सगळी दारं बंद होती, तेव्हा या माणसाने हे एक उघडं ठेवलं."

टाळ्या पडल्या. चार दिवसांच्या राजदूताने तीन वर्षं चहा कसा पाजला, हा हिशेब कुणी मांडला नाही. शेजारी कात्रीचं तबक घेऊन उभ्या असलेल्या काकांचे डोळे भरून आले. मंत्र्यांनी न पाहताच हातातला रिकामा पेला त्या तबकात ठेवला आणि ते बाराव्या तसबिरीकडे वळले.

समारंभाची छायाचित्रं पाहून आठवड्याने अकराव्या राजदूतांच्या मुलीचं पत्र आलं. कोट बाबांचाच आहे, आतला माणूस कोण?

राजदूतसाहेबांनी काकांना बोलावलं. "तुम्ही इथले सगळ्यांत जुने. कोण हा?"

"मीच, साहेब."

साहेबांनी फोटो पाहिला, काकांना पाहिलं आणि सुटकेचा श्वास सोडला. "वाचलो! म्हणजे बाहेरचा कुणी नाही. मग प्रश्नच मिटला." ते सचिवबाईंकडे वळले. "त्यांच्या मुलीकडून चेहरा मागवून घ्या. कोट त्यांचाच आहे, दार आपलंच आहे. फक्त मुंडकं बदला."

काका "बरं" म्हणाले.

निरोपाच्या दिवशी बायको पहिल्यांदाच दूतावासात आली. काकांना एक घड्याळ मिळालं, भाषण मिळालं नाही, कारण साहेबांना बैठक होती. बाहेर पडताना ती एकेक तसबीर बघत चालली होती. अकराव्यापुढे थांबली. पांढऱ्या मिशांचा, घाऱ्या डोळ्यांचा एक म्हातारा, मान किंचित वाकडी बसलेला. ती पुढे झाली, मागे आली, पुन्हा पुढे झाली.

"अहो," ती मोठ्याने म्हणाली, "हे हात तुमचे आहेत!"

दालनाच्या टोकाला सचिवबाईंनी मान वर केली. काकांनी बायकोचा दंड धरला आणि तिला दाराकडे ओढलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "ऐकलं तर तेही कापतील."