क्लॅरी टटची रॅम

"तेरा मिनिटं चाळीस सेकंद," डेस हॉक्लीने घड्याळ टेबलावर ठेवलं. "एवढ्या वेळात मेंढी कातरून होते, गड्या. आणि तिला नवी लोकरही फुटते."

ॲथॉल प्रिंगल छापून आलेली यादी सरळ करत राहिला. कुराबिन गावच्या बोल्स क्लबाचा, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवणाऱ्या मंडळींचा, तो एकोणीस वर्षं सेक्रेटरी होता. दर शनिवारी दुपारी चाळीस नावं संगणकात घालायची, बटण दाबायचं, आणि कुणी कुणाबरोबर कुठल्या पट्ट्यात गोळे टाकायचे हे संगणक ठरवायचा. पूर्वी ही नावं टोपीतून काढत. पण टोपीच्या काळात दोन भाऊ सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणून टोपीचं नाव कुणी काढत नसे.

संगणक मंद का, हे ॲथॉलला ठाऊक होतं. त्यात क्लॅरी टटची रॅम, म्हणजे मेमरीची चिप, होती. आठ वर्षांपूर्वी क्लॅरी गेला, तेव्हा त्याच्या बायकोने, व्हर्नाने, त्याच्या घरच्या संगणकातली रॅम काढून क्लबाला दिली आणि संगणकाच्या पेटीवर पितळी पाटी ठोकून घेतली: 'कै. क्लॅरी टट यांच्या स्मरणार्थ'. आता कुराबिनमध्ये पाटी ठोकलेली वस्तू, ती देणारा माणूस जिवंत असेपर्यंत, हलवायची नाही, असा रिवाज. हिरवळीच्या कडेला एक रोलर चाळीस वर्षं गंजत पडलाय. गवत कापणारा त्याला वळसा घालतो. त्याच्यावर पाटी आहे.

डेस पूर्वी गावातला पब चालवायचा. त्याला थांबणं माहीत नव्हतं. त्याने शहरातून नवी कोरी, वेगवान रॅम मागवली आणि पाटीही करून आणली. व्हर्नाच्या पाटीपेक्षा बोटभर मोठी. कमिटीने तासभर चर्चा करून ठरवलं, की दोन्ही पाट्या राहतील आणि दोन्ही रॅमही राहतील.

रॅम बसवली लीन फामने. तिची पेस्ट्रीची बेकरी, आणि मागच्या खोलीत ती गावाचे फोन, संगणक दुरुस्त करायची. बसवून झाल्यावर डेसने वेळ मोजली, ती ही तेरा मिनिटं चाळीस सेकंद. पूर्वी चौदा लागायची.

"मला वार्षिक सभेआधी हे एका मिनिटाच्या आत हवंय," डेस म्हणाला. "नाहीतर मी सेक्रेटरीपदाला उभा राहतो. सांगून ठेवतोय, नंतर रडू नकोस."

ॲथॉलने त्या रात्री झोपेत बटणं दाबली असं त्याची बायको सांगते. सकाळी तो बेकरीत पोचला.

"डेसची रॅम नादुरुस्त आहे का?"

"उत्तम आहे," लीन कणीक थापत म्हणाली. "पण दोन वेगवेगळ्या चालींच्या रॅम एका पेटीत घातल्या, की वेगवान रॅम हळू रॅमच्या चालीने चालते."

"का पण?"

"तुम्ही मिसेस टटबरोबर दुकानापर्यंत कधी चालत गेलायत?"

ॲथॉल गेला होता. आणायचा होता वाढदिवसाचा केक. पोचेपर्यंत वाढदिवस उलटला होता.

"मग उपाय?"

"जुनी काढा."

"ती काढता येत नाही."

"दोन चिमटे आहेत, बोटाने मागे ओढले की निघते."

"पाटी आहे, लीन."

लीनने पीठ थापायचं थांबवलं. तीही बारा वर्षं कुराबिनमध्ये होती.

ॲथॉलने हिशोब मांडला. रॅम ठेवली तर डेस उभा राहणार आणि निवडून येणार. रॅम काढली आणि व्हर्नाला कळलं, तर बायकांची अकरा मतं गेली, कारण ती अकरा मतं व्हर्नाच्या भुवईकडे बघून हात वर करतात. खुर्ची दोन्हीकडून जात होती. वाचण्याचा एकच मार्ग होता: काढायची, पण कळू द्यायचं नाही.

सभेच्या शनिवारी तो सगळ्यांच्या आधी आला. पेटी उघडली, चिमटे मागे ओढले, क्लॅरीला रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलं. पाटी जागच्या जागी राहू दिली. दीड वाजता त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून नेहमीसारखी हाक दिली, "लावलं हो," आणि बटण दाबलं.

चार सेकंदांत यादी छापून बाहेर आली. कागद गरम होता.

लोक टाळ्या वाजवत हिरवळीवर गेले. डेस जाता जाता ॲथॉलच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "माझी रॅम, बरं का." ॲथॉलला ते गोडच वाटलं.

ॲथॉलच्या डोक्यात एक गोष्ट आलीच नव्हती. 'लावलं हो' ऐकलं की व्हर्ना स्कोनचे, म्हणजे चहाबरोबर खायच्या छोट्या पावांचे, ट्रे भट्टीत सारायची. स्कोन भाजायला चौदा मिनिटं लागतात. आठ वर्षं बायकांनी घड्याळाकडे बघितलंच नव्हतं. मशीन थांबलं की स्कोन झाले, आणि ते खाऊनच लोक खेळायला जायचे. त्या दिवशी शेवटी घड्याळ बघून काढलेले बहात्तर स्कोन वाफाळत बाहेर आले तेव्हा हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. आणि पहिला गोळा सुटला, की दीड तास हिरवळ सोडायची नाही हा नियम. बाहेरून मंडळी खिडकीतल्या स्कोनांकडे बघत राहिली. त्या दुपारी बारा जणांचे गोळे थेट हिरवळीच्या कडेच्या खड्ड्यात गेले.

खेळ संपून लोक आत आले तेव्हा स्कोन असे झाले होते, की कीथ ओग्डेनने एक चावून बघितला आणि दाताच्या डॉक्टरचा नंबर मागितला.

व्हर्ना एप्रनला हात पुसत ॲथॉलसमोर आली. वय एक्क्याऐंशी, उंची त्याच्या खांद्याएवढी.

"ॲथॉल, क्लॅरी कुठाय?"

"पेटीत, मिसेस टट. कुठे जाणार."

"खोटं बोलू नकोस, बाळा, तुला जमत नाही. क्लॅरीने उभ्या जन्मात काही चार सेकंदांत केलेलं नाही. मला लग्नाचं विचारायला त्याने गव्हाच्या दोन कापण्या घेतल्या."

ॲथॉलने खिशातून रुमाल काढला आणि जामची बाटली आणि सायीची वाटी यांच्या मधोमध उलगडून ठेवला. डेस खुर्चीत सैलावून बसला.

सभा सुरू झाली. व्हर्ना उभी राहिली.

"पहिला ठराव. दोन्ही रॅम पेटीत राहतील, मी असेपर्यंत." तिची भुवई हलली, अकरा हात वर गेले, आणि गार स्कोन खाल्लेल्या बाकीच्यांचेही गेले. "दुसरा. सेक्रेटरीपदासाठी मी डेस हॉक्लीचं नाव सुचवते."

हात मोजायचीही गरज पडली नाही. डेसने उभं राहून भाषण केलं, त्यात 'वेग' हा शब्द सात वेळा होता. ॲथॉलने कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, आणि एकोणीस वर्षांनी त्याचा खिसा हलका झाला. बरं काही वाटलं नाही.

पुढल्या शनिवारी यायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. बायकोने हाकललं, म्हणून आला. ऑफिसचं दार बंद होतं. आतून डेसची "लावलं हो" अशी हाक आली. ॲथॉल कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला, इतरांसारखा. या चौदा मिनिटांत हॉलमध्ये काय चालतं हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. कीथ गोष्ट सांगत होता, कुणी तरी हसून टेबलावर हात आपटत होतं.

चौदा मिनिटांनी व्हर्नाने त्याच्यापुढे बशी ठेवली. स्कोनमधून वाफ निघत होती. सेक्रेटरीचा स्कोन नेहमी झाकून ऑफिसात पोचायचा, यादी वाटून झाल्यावर, गार. गरम स्कोन ही गावात लोक उठवतात त्यातलीच एक वावडी असेल, असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

"तुम्ही अजून रागावलायत, मिसेस टट?"

"खा आधी. डेसला घाई आहे ना फार? त्याला थोडा वेळ क्लॅरीबरोबर बसू दे."

ॲथॉलने स्कोन फोडला. लोणी आत पाझरलं.

"ॲथॉल," ऑफिसातून डेसचा आवाज आला, "गड्या, जरा इकडे ये ना. हे हललंय का मला कळत नाहीये."

ॲथॉलने तोंड भरलंय अशी बंद दाराकडेच खूण केली आणि दुसऱ्या स्कोनला हात घातला.