चौथा विषय

"ही वकील होणार? हिचा आवाज खिडकीच्या आत तरी पोचतोय का?"

कॉलेजच्या ऑफिससमोरच्या रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी आपल्या मुलाला हे हळूच विचारलं. खिडकीतल्या क्लार्कने मला तिसऱ्यांदा "काय?" म्हटलं होतं, आणि मी तिसऱ्यांदा "एफ.वाय. बी.ए.चा फॉर्म द्यायचाय" असं फक्त काचेला सांगितलं होतं. मी पुढे लॉ करणार हे रांगेतल्या सगळ्यांना माहीत होतं, कारण माझ्याबरोबर आलेल्या कुमुदमावशींनी ते सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. गृहस्थांचं बोलणं मला ऐकू आलं. दुर्दैवाने मावशींनाही आलं.

त्या वळल्या. "आपण म्हणालात, 'ही वकील होणार? हिचा आवाज खिडकीच्या आत तरी पोचतोय का?' वाचून दाखवलं. बरोबर आहे?"

"तसं नाही हो, मी आपलं सहज..."

"'सहज' नंतर आलं. ते पुढच्या ओळीत घेऊ. आधीचं बरोबर आहे?"

"आहे," गृहस्थ म्हणाले, आणि उरलेला वेळ नोटीसबोर्ड वाचत राहिले.

कुमुदमावशी मांडवीला आमच्या शेजारी राहायच्या. लग्न केलं नव्हतं. एकतीस वर्षं त्या कोर्टात टायपिस्ट होत्या. साक्षीदार बोलणार, न्यायाधीश साहेब ते नीट करून सांगणार, मावशी टाइप करणार, आणि शेवटी जबाब साक्षीदाराला वाचून दाखवायचा. नोकरी संपली, पण वाचून दाखवणं संपलं नाही. त्यांच्यासमोर कुणी काहीही बोललं की ते परत यायचं. सत्यनारायणाच्या पूजेला गुरुजी म्हणाले, दहा मिनिटांत आटपतो. मावशी म्हणाल्या, "गुरुजी म्हणतात, दहा मिनिटांत आटपतो. वेळ सव्वाअकरा." गुरुजींनी त्या दिवशी कथेचा एक अध्याय धावत संपवला.

बाजारात तर गंमतच. "बाई म्हणते, सुरमई आज सकाळची आहे. हे म्हणणं खरं नाही की ती कालची आहे. बरोबर?"

"बाय माझे," कोळीण म्हणायची, "मासे घे नायतर जबाब घे. दोन्ही नाय गावायचे."

समोरचा बोलायला लागला की मावशींची बोटं चालायची. मांडीवर, पिशवीवर, एसटीतल्या पुढच्या सीटच्या दांड्यावर. बोलणं फुकटचं असलं तर थांबायची. आई म्हणायची, "त्यांच्या हातांकडे बघायचं नाही, बोलताना अडखळायला होतं." मी हातांकडेच बघायचे. मी फारसं बोलत नसे. शाळा इंग्रजी माध्यमाची, घर मराठी. दोन्हीकडे अर्धी वाक्यं करता करता मी दोन्हीकडे गप्प बसायला शिकले होते. दहावीला मराठीचा पेपर सोपा होता, तरी त्यात मला सगळ्यांत कमी मार्क होते.

बारावीचा निकाल लागला त्या दिवशी मावशींनी विचारलं, "पुढे काय गो, मेधा?"

"लॉ," मी म्हणाले. हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांची दोन बोटं मांडीवर हलली आणि मला वाटलं, झालं, आता हे कागदावर आलं.

दुसऱ्या दिवशी त्या कॉलेजचं माहितीपत्रक आणि लाल पेन्सिल घेऊन आल्या. "लॉला कुठलाही पदवीधर चालतो, असं तुझे बाबा म्हणतात. कॉलेजला चालतो. मी बोलत्येय ते कोर्टाला काय चालतं त्याबद्दल." मग त्यांनी एकतीस वर्षांत पाहिलेले वकील बी.ए.च्या विषयांप्रमाणे लावून दाखवले. इतिहासवाला बांधाच्या भांडणात पेशव्यांपासून सुरू करतो. राज्यशास्त्रवाला साहेबांना भाषण देतो आणि साहेब पंख्याकडे बघतात. तर्कशास्त्रवाला बिनतोड बोलतो, फक्त अशिलाला आपण जिंकलो की हरलो ते कळत नाही. "आणि इंग्रजीवाला साक्षीदाराला घाबरवतो. घाबरलेला माणूस सगळ्याला हो म्हणतो. त्यातून काय निघायचं?" त्यांनी 'मराठी साहित्य' या शब्दांभोवती लाल गोल काढला. "साक्षीदार मराठीत बोलतो. मराठीत गप्प बसतो. तेवढं समजलं तरी अर्धा दावा समजला. इतर दोन काय हवेत ते घे."

बाबा बँकेत होते. संध्याकाळी त्यांनी माझा फॉर्म भरला: इंग्रजी, अर्थशास्त्र, मानसशास्त्र. "लॉचं नंतर बघू. आणि मराठी तुला झेपणार आहे का?" मी सही केली. मलाही मनातून तेच सोपं वाटत होतं, हे इथे लिहायला हवं. सगळं बाबांवर ढकलणं बरं नाही.

त्या दिवशी रांगेतून बाहेर पडल्यावर मावशींनी मला सरबत पाजलं आणि विचारलं, "मराठी, आणखी दोन. दाखल झालं. बरोबर?"

मी म्हणाले, "हो."

तेव्हाच सांगितलं असतं तर दोन दिवस रागावल्या असत्या. पण सरबताचा ग्लास हातात होता, त्या खूश होत्या, आणि 'हो' हा माझ्याकडचा सगळ्यांत सोपा शब्द होता.

मग दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या पडवीत माझी शिकवणी सुरू झाली. "मराठीच्या सरांनी या आठवड्यात काय घेतलं?" हा पहिला प्रश्न. पहिल्या गुरुवारी मी थाप मारली. दुसऱ्या गुरुवारी मारता येईना, कारण पहिली थाप त्यांना शब्दन् शब्द पाठ होती. तेव्हा मी वर्गातल्या नीलिमाला गाठलं. तिने मराठी खरोखरच घेतलं होतं. बुधवारी तिची वही आणायची, रात्री उतरवून घ्यायची, गुरुवारी मावशींना सांगायची.

"तुला परीक्षा आहे का याची?" नीलिमाने विचारलं.

"आहे," मी म्हणाले. "दर आठवड्याला."

अशी तीन वर्षं गेली. मी तीन विषयांचे पेपर दिले आणि चौथा नुसत्या भीतीने शिकले. मावशी उन्हातून वाचनालयात जाऊन माझ्यासाठी मराठी पुस्तकं आणायच्या. खोट्या साक्षी रचून मला उलटतपासणी करायला लावायच्या. साक्षीदार त्याच व्हायच्या, कधी आंब्याच्या कलमांवरून भांडणारा भाऊ, कधी काही न आठवणारी सासू. त्या सासूपुढे मी एकदा मोठ्या आवाजात बोलले तेव्हा पडवीतली मांजर उठून गेली. मावशी म्हणाल्या, "नोंद घे. मांजराने आवाज ऐकला."

केळशीहून त्यांच्या ताईंची पत्रं यायची. ताई एकट्या होत्या. आता नोकरी नाही तर इकडेच राहायला ये, दोघी राहू, असं प्रत्येक पत्रात असायचं. मावशी टायपिंग मशीनवर उत्तर टाइप करायच्या आणि पाकीट टपालपेटीत टाकायला माझ्याकडे द्यायच्या. एकदा पाकीट बंद करायचं राहिलं होतं. आत दोनच ओळी होत्या. "मुलीचं मराठी चालू आहे. बी.ए. झाली की येते."

मी ते पत्र टाकलं. त्यानंतरचीही टाकली. प्रत्येक वेळी पेटीपाशी ठरवायचे की या गुरुवारी सांगायचं. तिसऱ्या वर्षी गणपती झाल्यावर ताई गेल्या. मावशी केळशीला जाऊन तेरावं आटपून आल्या आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी पडवीत नेहमीच्या जागी बसल्या. मराठीच्या सरांनी काय घेतलं ते विचारलं. मी सांगितलं.

बी.ए.चा निकाल लागल्यावर लॉ कॉलेजचा अर्ज आणला. त्याला जोडायचं पत्र मावशी स्वतः टाइप करणार होत्या. माझी गुणपत्रिका माझ्या मांडीवर, फाइलमध्ये बंद होती. त्यांनी कागद चढवला, माझं नाव मारलं, पत्ता मारला. "पदवी, बी.ए. विषय?"

मी गप्प.

त्यांनी फाइलकडे हात केला नाही. दोन्ही हात मशीनवरून काढून पदरात घेतले. माझ्याकडे न बघता त्या बोलायला लागल्या.

"एक बाई पिंजऱ्यात उभी होती. वकिलाने विचारलं, या कागदावर सही तू राजीखुशीने केलीस का? ती गप्प. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि मला म्हणाले, लिहा, साक्षीदार उत्तर देत नाही. मी मारायला घेतलं. शेवटची अक्षरं राहिली होती तेव्हा वर बघितलं, तर तिचं तोंड उघडलेलं. बोलणार होती गो ती. मी थांबले असते तर साहेबांनी मान वर केली असती. मी ओळ पुरी केली. माझा वेग चांगला होता. नंतर तिला वाचून दाखवलं. म्हणाली, बरोबर आहे."

बाहेर बर्फाच्या कारखान्याची गाडी कुणीतरी मागे घेत होतं. ती गेली. मावशींची बोटं पदरात तशीच होती. त्यांना ठाऊक होतं का, कधीपासून होतं, हे मी आजवर विचारलेलं नाही. त्या इतका वेळ थांबल्या की दिवा लावायची वेळ झाली, आणि त्यांनी दिवाही लावला नाही.

"मावशी," मी म्हणाले, "मी मराठी घेतलं नव्हतं. मी तुम्हाला थांबवून ठेवलं, आणि ताई तिकडे एकट्या गेल्या."