भट्टीवाला जेवायला बसला

"या घरात भट्टीवाल्याला पुन्हा पाय ठेवू देणार नाही," असं ओरेस्ट पालामार्चुकने गेल्या हिवाळ्यात जाहीर करून टाकलं होतं. तेव्हा घर तापवायची भट्टी बंद पडली होती. एक माणूस पिशवी घेऊन तळघरात उतरला, कॉफी निवायच्या आत वर आला आणि दोनशे ऐंशी डॉलरचं बिल टेबलावर ठेवून गेला. काय केलंत म्हणून विचारलं, तर म्हणाला, एक दांडी पुसली.

ओरेस्टची सगळी नोकरी डॉफिन गावच्या धान्यकोठारावर गेलेली. तिथले पट्टे, मोटारी, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. दांडी पुसायला आपले हात काय मोडले होते, हा विचार काही त्याची पाठ सोडेना. मग त्याने भट्टीदुरुस्तीचे व्हिडिओ बघायचा सपाटा लावला आणि भेटेल त्याला भट्टीची शरीररचना समजावून सांगू लागला. व्हेर्ना, त्याची बायको, सगळं ऐकून घ्यायची. म्हणजे ऐकणं तिने केव्हाच सोडलं होतं, पण मान हलवायची सवय राहून गेली होती.

सहा जानेवारीला, त्यांच्या जुन्या पंचांगाच्या नाताळच्या ऐन जेवणाच्या दिवशी, भट्टी बंद पडली.

बाहेर उणे चौतीस. आदल्या दिवशी बर्फ पडून गेलेला. ओरेस्टने पहाटेच उठून बर्फ उडवायच्या यंत्राने अंगण लख्ख केलं होतं. आत व्हेर्ना सणाच्या रीतीच्या बारा पदार्थांच्या मागे लागली होती आणि संध्याकाळी तिची बहीण सोनिया नवऱ्याला घेऊन जेवायला यायची होती. हा नवरा, म्हणजे ओरेस्टचा साडू मेट्रो, त्याने शरद ऋतूतच नवी कोरी भट्टी बसवून घेतली होती. तेव्हापासून तो दुसऱ्या विषयावर बोललाच नव्हता.

"भट्टीवाल्याला फोन कर," व्हेर्ना म्हणाली.

ओरेस्टने फोन केला, ऐकलं आणि ठेवून दिला.

"काय म्हणाले?"

"सणाचा दर आहे म्हणे. नुसतं दारात येऊन उभं राहायचे दोनशे चाळीस. पुढे तासावर."

"मग?"

"दारात मी फुकट उभा राहीन," असं म्हणून ओरेस्ट तळघरात गेला.

त्याने भट्टीचं झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवलं. बघतो तर आत सगळं मेलेलं. पंखा नाही, ज्योत नाही, भट्टी चालवणाऱ्या विजेच्या बोर्डावरचा बारका दिवासुद्धा नाही. दिवा नाही म्हणजे बोर्ड गेला, हे त्याने किमान चार व्हिडिओंत ऐकलं होतं. तो गाडी काढून दुकानात गेला आणि चारशे दहा डॉलर मोजून नवा बोर्ड घेऊन आला. खोकं फोडलं की माल परत नाही, असं दुकानदाराने दोनदा बजावलं. ओरेस्टने तिथेच खोकं फोडून दाखवलं.

बोर्ड बसवायला दुपार गेली. एकेक वायर जागच्या जागी. तो स्टुलावर बसून उघड्या भट्टीकडे टक लावून बघत राहिला. भट्टीही त्याच्याकडे बघत राहिली. दिवा काही लागला नाही.

वर आला तेव्हा व्हेर्ना ओव्हरकोट घालून कोबीच्या पानांत भात गुंडाळत होती.

"झालं?"

"होत आलंय."

"खिडकीला आतून बर्फ धरलाय, ओरेस्ट."

त्याने गॅरेजमधले दोन विजेचे हीटर आणून लावले. ओव्हनमध्ये मासा होताच. तिन्ही एकदम चालले आणि अर्ध्या घराची वीज गेली. मग ओव्हन चालवायचा की हीटर, असा प्रश्न आला. व्हेर्नाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. ओरेस्टने हीटर काढले आणि विजेचा खटका पुन्हा चढवला.

अंधार पडताना सोनिया आणि मेट्रो आले. मेट्रोने दारात बूट काढले, दोन पावलं टाकली आणि परत जाऊन बूट घातले.

"काय रे, तुमच्याकडे यंदा गोठ्यातलाच नाताळ का? अगदी मूळ कथेबरहुकूम?"

"भट्टीचं काम काढलंय," ओरेस्ट म्हणाला.

"आमची नवी भट्टी सुरू आहे की बंद, तेच कळत नाही बघ. इतका आवाज कमी."

"आमच्याही भट्टीचा आवाज येत नाहीये," व्हेर्ना म्हणाली.

पहिली चांदणी दिसली, म्हणजे जेवायला बसायची वेळ झाली. सगळे कोट-टोप्यांसकट टेबलाशी बसले. रीतीप्रमाणे एक ताट जास्तीचं मांडलं होतं, गेलेल्यांसाठी किंवा दारी येईल त्याच्यासाठी. ओरेस्टने प्रार्थना म्हटली. तोंडातून निघालेली वाफ मेणबत्तीपर्यंत जात होती. कुत्या नावाच्या गहू-मधाच्या खिरीचा पहिला चमचा तो उचलणार, तेवढ्यात दारावर थाप पडली.

दारात पिशवी घेतलेला माणूस. कोटावर नाव शिवलेलं: रोडेल.

"भट्टीसाठी फोन होता. व्हेर्ना मावशींचा."

ओरेस्टने बायकोकडे पाहिलं. ती बोर्शच्या, म्हणजे बीटच्या सुपाच्या, भांड्यात पाहत होती.

"तळघर इकडे," ओरेस्ट घाईने म्हणाला.

"तळघर कुठं पळून चाललंय?" व्हेर्ना उठली. "आजच्या रात्री दारी आलेला माणूस न जेवता आत-बाहेर करायचा नाही. बस रे बाळा."

"मावशी, मी कामावर आहे."

"सकाळपासून काही खाल्लंस?"

रोडेलने ताटाकडे पाहिलं, बोर्शकडे पाहिलं, आणि बसला.

ओरेस्टच्या डोक्यात तासाचा काटा फिरू लागला. रोडेल निवांत जेवणारा. बोर्श झाला, मासा झाला, कोबीचे रोल झाले. मेट्रोने ताबडतोब परिस्थिती ओळखली.

"पिरोही घ्या अजून. बटाट्याच्या सारणाच्या वेगळ्या, कोबीच्या वेगळ्या. घाई कसली? मूळ गाव कुठलं तुमचं?"

"फिलिपिन्स. इलोइलो."

"वा. सांगा की जरा तिकडचं."

रोडेल सांगू लागला. तिकडेही नाताळच्या रात्री सगळं घर असंच एका टेबलाशी बसतं म्हणे. आईचा विषय निघाला तेव्हा सोनियाने डोळे पुसले. ओरेस्टलाही खरं तर गलबलून आलं, पण आईच्या पाठोपाठ पाच बहिणी आहेत असं कळलं आणि त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. व्हेर्नाने बारावा पदार्थ, सुक्या फळांचा रस, वाढला तेव्हा त्याने स्वतःचा पेला एका घोटात संपवून दाखवला, की पिणं असंही जमतं.

अखेर रोडेल खाली उतरला. मागोमाग सगळे. त्याने उघड्या भट्टीकडे पाहिलं, भिंतीला टेकवलेलं झाकण उचललं आणि जागेवर बसवलं. खट् आवाज आला. बोर्डाचा दिवा लागला.

"झाकण उघडं असलं की ही चालतच नाही," तो म्हणाला. "आत बटण असतं. कुणाचा हात जाऊ नये म्हणून."

मेट्रोने वाकून ते झाकण नीट न्याहाळलं. साडूचं हे न्याहाळणं ओरेस्टला बोलण्यापेक्षा महाग पडलं.

पंखा घुरघुरला, पण ज्योत धरेना. रोडेल फावडं घेऊन बाहेर गेला. भिंतीतून भट्टीचे हवा घ्यायचे-सोडायचे दोन पाइप बाहेर निघत होते, त्यांच्यावर बर्फाची उंच, सरळसोट भिंत रचलेली होती. त्याने ती खणून काढली. खाली भक्कन ज्योत पेटली.

"बर्फ उडवायचं यंत्र कोण चालवतं?" आत येत त्याने विचारलं. "काम साफ आहे."

मग वर टेबलाशी बसून बिल लिहिलं. ओरेस्टने एक डोळा मिटून वाचलं. दोनशे चाळीस. त्याने पुन्हा वाचलं.

"आणि तासाचे?"

"जेवत होतो त्याचे कसे लावू, काका? काम तर पाव तासाचं."

ओरेस्टला इतकं हायसं वाटलं, की त्याने रोडेलच्या खांद्यावर हात टाकला. जमिनीतल्या जाळ्यांमधून गरम हवा येऊ लागली होती, सोनियाने टोपी काढली होती. इथेच गप्प बसायचं होतं. पण ओरेस्टने विचारलं, "तो नवा बोर्ड मात्र वाया गेला नाही ना?"

"छे. मस्त बोर्ड आहे. वीस वर्षं बघायला नको."

ओरेस्टने विजयी मुद्रेने मेट्रोकडे पाहिलं.

"भट्टी मात्र दोन हिवाळे काढेल," पिशवी बंद करत रोडेल म्हणाला. "आत गंज धरलाय. नवी घेताना हा बोर्ड तिला बसणार नाही."

मेट्रोने खिशातून फोन काढला.

"आमच्या भट्टीवाल्याचा नंबर देऊ?"