दर रविवारी डहाणूला येणारे सावेकाका

सावेकाकांचा जन्म डहाणूतला, शाळा डहाणूतली, रेल्वेतली नोकरी डहाणू रोडच्या फलाटावरची. लग्न झालं तेही आमच्या मागच्या अंगणात. त्या लग्नात माझ्या वडिलांनी सतरा जिलब्या खाल्ल्या असं वडील सांगत, आणि एकतीस खाल्ल्या असं आई सांगे. असा हा अंतर्बाह्य डहाणूकर माणूस निवृत्त झाल्यावर दर रविवारी सकाळी गाडीने वाणगावला जायचा, तिथे पूल ओलांडून पलीकडच्या फलाटावर यायचा आणि पुढच्या गाडीने डहाणूला परतायचा. परतायचा म्हणजे यायचा. पर्यटक म्हणून.

मी वाढवून सांगतोय असं वाटेल. मी वाढवून सांगतोच, त्याबद्दल आमच्या आळीत दुमत नाही. पण हे एवढं सोडून.

डोक्याला कापडी टोपी, डोळ्यांना काळा चष्मा, गळ्यात पाण्याची बाटली, खांद्याला पिशवी. स्टेशनाबाहेर येऊन काका असे भांबावून उभे राहायचे की वाटावं, हे गृहस्थ काश्मीरला निघाले होते आणि झोप लागल्यामुळे इथे उतरले. मग ते रिक्षावाल्या जयेशकडे जायचे. जयेशचं बारसं काकांच्या मांडीवर झालेलं.

"समुद्र कुठल्या बाजूला हो?"

पहिल्या रविवारी जयेश हसला. दुसऱ्या रविवारी घाबरला आणि रिक्षा तशीच रस्त्यात सोडून काकूंकडे धावला. "काकी, काकांच्या डोक्याला कायतरी झालंय. मला ओळखत नाय ने."

काकू तांदूळ निवडत होत्या. काकू कायम घरातच. कुठे बोलावलं तर 'मला घरच बरं' म्हणायच्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "काही झालेलं नाही. समुद्रावर सोड त्यांना. आणि भाडं पाहुण्याचं सांग, कमी सांगितलंस तर चिडतील."

तेव्हापासून जयेश भाडं पाहुण्याचं सांगायचा, काका घासाघीस करायचे, आणि दोघंही घामाघूम होऊन एकदाचे समुद्राकडे निघायचे.

मला एकदा ते सुरूच्या बनात भेटले. म्हटलं, "काय काका, फेरफटका?"

"आपण इथलेच का?" काका म्हणाले.

"अहो काका, मी विनू. तात्यांचा विनू."

"असाल. मी आपला बाहेरचा माणूस. इथे प्यायचं पाणी कुठे मिळतं?"

मी बोट दाखवायला हात उचलला, आणि तो हात हवेतच राहिला. पाणी कुठेच मिळत नव्हतं. चाळीस वर्षं मी त्या किनाऱ्यावर जातोय, तहान लागली की घरी जातोय, आणि हे मला कधी सुचलं नव्हतं. काकांनी पिशवीतून वही काढली आणि लिहिलं: 'पाण्याची चौकशी केली. स्थानिक इसमाने आकाशाकडे हात केला.'

ही त्यांची गैरसोय-वही. तिच्यात सगळं यायचं. 'बसायला बाक नाही. वाळूत बसलो. खाली खेकड्याचं बीळ निघालं. खेकडा नाराज.' 'आशागडजवळ समुद्राचा रस्ता दाखवणारा फलक आहे. बाणाप्रमाणे गेलो. एका म्हशीपाशी पोचलो.' एकदा ते तलासरीकडच्या धरणावरही पर्यटक म्हणून जाऊन आले. वाटेत एका पाड्यावर रस्ता विचारला, तर घरातल्या आजीने आधी भाकरी वाढली, वर सुक्या मासळीची चटणी वाढली, मग पुन्हा भाकरी वाढली. वहीत नोंद: 'गैरसोय: इथले लोक जेवल्याशिवाय रस्ता सांगत नाहीत. धरण बघायचं राहिलं.'

आता माझा यात संबंध कुठे येतो ते सांगतो. मी तालुक्यातल्या एका कचेरीत कारकून. कुठल्या ते विचारू नका, माझी पेन्शन अजून सुरू व्हायची आहे. पालघर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि माझ्या टेबलावर एक फाइल होती: डहाणू-तलासरीला येणाऱ्या पर्यटकांच्या सोयीसाठी सरकारी अनुदान मिळण्याबाबत. बाकं, पाणी, दिशादर्शक फलक आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह. फाइल तीनदा वर गेली आणि तीनदा परत आली. पहिल्यांदा सूची नव्हती म्हणून. दुसऱ्यांदा सूची होती, पण पानांना आकडे नव्हते. तिसऱ्यांदा शेरा आला: 'पर्यटकांच्या नेमक्या गैरसोयींचा तपशील जोडलेला नाही.'

आणि तो तपशील दर सोमवारी सकाळी साडेदहाला माझ्यासमोर येऊन उभा राहायचा. काका आदल्या दिवशीची वही पत्ररूपाने लिहून आणायचे, आवक क्रमांक पडल्याशिवाय हलायचे नाहीत. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ असायची: 'एक महिला पर्यटक आजही आल्या नाहीत.'

"कोण महिला पर्यटक?" मी विचारायचो.

"आल्या नाहीत त्या. आल्या असत्या तर नाव लिहिलं नसतं का?"

या ओळीवरून कचेरीत पैजा लागत. साहेबांचं मत स्पष्ट होतं. "वेड्या माणसाची पत्रं सरकारी फाइलला लावायची नाहीत," ते म्हणाले. मी मान डोलावली. पुढे ती एकशेवीस पत्रं परिशिष्ट म्हणून फाइलला कोणी जोडली, हे आजतागायत उघडकीस आलेलं नाही. दोरा माझ्या खणातला होता, एवढंच सिद्ध झालं.

फाइल चौथ्यांदा वर गेली आणि यावेळी उत्तर आलं ते असं: समिती पाहणीला येत आहे, बुधवारी सकाळी दहाला. समितीच्या प्रमुख एक बाई आहेत, त्या जे लिहितील तेच शेवटचं. बाईंनी नाही म्हटलं तर फाइल बंद.

साहेबांच्या अंगात वारं शिरलं. पाहुणे यायचे म्हटल्यावर घर आवरायचं, हा आपला संस्कार. त्यांनी लग्नाच्या मंडपवाल्याला गाठलं. मंगळवारपासून किनाऱ्यावर असं काम चाललं की गलबतं वाट वाकडी करून बघायला आली. वाळूवर लाल गालिचा. पांढऱ्या झालरीच्या दोनशे खुर्च्या. पाण्याची पिंपं. समुद्रापासून दहा पावलांवर फलक, 'समुद्र', पुढे बाण. आणि गालिच्याच्या टोकाला निळ्या प्लास्टिकची दोन फिरती शौचालयं, दाराला झेंडूच्या माळा.

"सावे त्या दिवशी किनाऱ्यावर दिसता कामा नयेत," साहेबांनी मला बजावलं. मी कोणाला काही सांगितलं नाही. फक्त काकांच्या ओट्यासमोर उभा राहून मोबाइलवर जरा मोठ्याने बोललो. मोबाइल बंद होता, तो भाग वेगळा.

समिती दहाची आली साडेबाराला, कारण तलासरीच्या लोकांनी त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. बाई लहानखुऱ्या, पायांत साध्या चपला, नजर मात्र अशी की फाइलीतली टाचणी लांबून मोजतील. त्यांनी सगळं फिरून पाहिलं. साहेबांच्या आग्रहाने दोन शहाळी घेतली, तिसरं अर्धं घेतलं. मग म्हणाल्या, "छान आहे की सगळं. खुर्च्या आहेत, पाणी आहे, फलक आहेत, स्वच्छतागृह आहे. मग अनुदान कशाला हवंय तुम्हाला?"

साहेब म्हणाले, "मॅडम, म्हणजे... अजून छान करायला."

"छान आहे तिथे अजून छान करायला पैसे नाहीत हो. ज्यांच्याकडे काहीच नाही असे बरेच प्रस्ताव पडून आहेत." आणि बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

भरती चालू होती, ती थांबली. निदान मला तरी तसं दिसलं. चार वर्षांची फाइल, एकशेवीस पत्रं, एक नाराज खेकडा, सगळं त्या पेनाच्या टोकाशी येऊन ठेपलं. आम्ही आमची गैरसोय इतकी झकास झाकली होती की ती आमच्याकडे नाही, असं आता सरकारी कागदावर येणार होतं.

तेवढ्यात गालिच्यावरून टोपी, काळा चष्मा, बाटली आणि पिशवी चालत आली. बुधवार असूनही काका वाणगावला जाऊन आले होते.

"नमस्कार," ते बाईंना म्हणाले. "मी आपला बाहेरचा माणूस. फार झकास सोय केली आहे. उद्या पण असेल ना हे? बायकोला आणायचंय."

बाई साहेबांकडे वळल्या. "सांगा त्यांना."

साहेब म्हणाले, "असेल की. हे कायमच असतं."

काकांनी चष्मा काढून साहेबांकडे नुसतं पाहिलं.

बाई म्हणाल्या, "शेरा लिहिते. त्याआधी जरा..." आणि त्यांनी हळू आवाजात स्वच्छतागृहाची चौकशी केली. अडीच शहाळी, दुसरं काय होणार.

साहेबांच्या आयुष्यातला हा सोनेरी क्षण. त्यांनी हात लांब करून म्हटलं, "या ना मॅडम, इकडे. एक नाही, दोन आहेत."

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. दोन्ही शौचालयं निघाली होती. टेंपोत उभी, दोरखंडाने बांधलेली, झेंडूच्या माळा वाऱ्यावर हलवत ती मोठ्या दिमाखात रस्त्याला लागत होती. मंडपवाल्याने बारापर्यंतचीच बोली केली होती. टेंपोतून त्याने हात केला. "साहेब, आशागडला वऱ्हाड येऊन बसलंय. खुर्च्यांना दुसरा फेरा मारतो."

कोणी हसलं नाही. साहेबांनी सुरूच्या बनाकडे एकदा पाहिलं आणि झटकन नजर खाली घातली. बाई ताठ उभ्या होत्या, पण चेहरा उतरला होता. आणि तिथे काकांनी जे केलं ते मी त्यांना कधीच करताना पाहिलं नव्हतं. त्यांनी टोपी काढून पिशवीत टाकली आणि म्हणाले, "बाई, चला. पाच मिनिटांवर आमचं घर आहे. मी इथलाच."

जयेशने त्या दिवशी रिक्षा हाकली नाही, उडवली. मागून जीपमधून आम्ही पोचलो तेव्हा बाई आतून मोकळ्या होऊन काकूंसमोर पाटावर बसल्या होत्या. साहेब ओट्यावर थांबले. मी पाणी मागायच्या निमित्ताने दाराशी.

"सात वर्षं झाली बाई समुद्र बघून," काकू सांगत होत्या. "साखरेचं दुखणं. दर थोड्या वेळाने जावं लागतं. शेवटची गेले तेव्हा तिथे आडोसाही नव्हता. अर्ध्यातून परत आले, रिक्षात तोंड झाकून. मग ह्यांना म्हटलं, मी काही आता येत नाही. तुम्हीच जा आणि कसा दिसतो ते येऊन सांगा. पहिल्यांदा आले आणि म्हणाले, काय सांगू, रोजच्यासारखाच आहे. मी रुसले. तेव्हा म्हणाले, थांब, मी बाहेरचा होऊन जातो, म्हणजे नीट दिसेल."

"आणि दिसतो नीट?"

"तासभर सांगतात. रंग सांगतात, पाणी कुठवर आलं ते सांगतात. कोण कोणाशी भांडलं तेही सांगतात."

बाई काकांकडे वळल्या. "परिशिष्टातली ती महिला पर्यटक, ती ह्याच का?"

काका बाटलीचं झाकण उघडायला लागले. ते उघडंच होतं.

मी घरामागे गेलो. डोळ्यांत वाळू गेली असावी. किनाऱ्यापासून रिक्षाने पाच मिनिटांवर, पण वाळू काय, कुठेही जाते.

बाईंनी शेरा त्याच पाटावर बसून लिहिला. मला तो पाठ आहे: 'सोय तात्पुरती आहे. गैरसोय कायमची आहे. अनुदान द्यावे. स्त्रियांचे स्वच्छतागृह प्रथम बांधावे.'

पुढचं वर्षभर आम्ही छाती काढून हिंडलो. अनुदान आलं. सुरूच्या सावलीत बाकं आली, पाण्याचे नळ आले, आशागडच्या फलकावरचा बाण म्हशीपासून सोडवला गेला. स्वच्छतागृह तर असं देखणं झालं की पहिल्या दिवशी लोक चपला बाहेर काढून आत गेले. उद्घाटनाला बँड वाजला. फीत तीन वेळा कापली, कारण तीन पुढारी होते. उत्तम नियोजनाबद्दल साहेबांचा सत्कार झाला, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने टाळ्या काकांनी वाजवल्या.

आणि मग तो रविवार. काकूंनी वाणगावला जायला साफ नकार दिला. "मला काही वेड लागलेलं नाही," त्या म्हणाल्या. तेव्हा काकांनी त्यांना जयेशच्या रिक्षातून स्टेशनवर नेलं, फलाटाची दोन तिकिटं काढली, आत नेऊन पाच मिनिटं बाकावर बसवलं आणि गाडी आली तशी उतरणाऱ्या लोकांबरोबर हाताला धरून बाहेर आणलं. काकूंच्या डोळ्यांवर काकांचा काळा चष्मा होता. जयेश तिथेच उभा, मघाशी ज्यांना आणून सोडलं त्यांची वाट बघत.

"समुद्र कुठल्या बाजूला रे?" काकू म्हणाल्या, आणि एवढ्यावरच त्यांना हसू फुटलं.

"बसा ने काकी," जयेश म्हणाला. "लांबून आला तुम्ही."

सोमवारी साडेदहाला पत्र आलं. एकच ओळ होती, आणि मी आवक क्रमांक टाकताना ती दोनदा वाचली.

'महिला पर्यटक एक. आल्या. गैरसोय: निघायला तयार होईनात.'