अनसूयाबाईंच्या वाफ्यातली गाजरं

एका जंगलात, जिथे आता प्रत्येक बिळाला फाटक आणि फाटकावर नावाची पाटी असते, अनसूयाबाई साळिंदर राहत होत्या. बाई स्वभावाने गरीब. अंगावर काटे होते खरे, पण ते नुसते दिसायला. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला 'नको' म्हटलं नव्हतं.

त्यांची मुलगी ओढ्यापलीकडच्या जंगलात दिलेली. मुलीची सासू भामाबाई, म्हणजे अनसूयाबाईंची विहीण, फार मोजकं बोलायच्या. मागच्या भोगीला त्या जेवायला आल्या होत्या. तीळ लावलेली बाजरीची भाकरी झाली, लोणी झालं, गाजर-वाटाण्याची लेकुरवाळी भाजी झाली. भामाबाईंनी भाजी दोनदा घेतली. मग हात धुताना म्हणाल्या, "छान होती हो. बाजारची असून छान होती."

एवढंच. पण ते 'असून' अनसूयाबाईंच्या घशात गाजराच्या निबर दांड्यासारखं अडकलं. त्या बोलून गेल्या, "पुढच्या भोगीला माझ्या अंगणातली भाजी खायला या, विहीणबाई."

आता मुलांनो, असा शब्द परत घेता येतो का? इतर कुणापुढे येईलही. विहिणीपुढे नाही.

बिळासमोर चार हात लांब, तीन हात रुंद जागा होती. थंडीत तिथे सकाळभर कोवळं ऊन यायचं. दसरा उलटला तशी अनसूयाबाईंनी स्वतःच्या नखांनी माती उकरली. दगड वेचले. कुजलेला पाला मिसळला. वाफा असा केला, की बघणाऱ्याला त्यावर झोपावंसं वाटावं. आता फक्त बी हवं होतं.

त्या जंगलात पद्धत अशी, की बी विकत आणायचं नाही. शेजारी मागायचं. शेजारी आनंदाने देतो आणि मग रोज येऊन बघतो. टिटवी कमळाबाईंनी गाजराचं बी दिलं. अस्वलदादांनी दिलं, तेही गाजराचंच. वानर भाऊसाहेब बागकामावर व्याख्यानं देत. त्यांनी मूठभर वाटाणे दिले आणि वर पुन्हा गाजराचं बी. त्यांची स्वतःची बाग नव्हती. व्याख्यानांमुळे वेळच मिळत नसे.

अनसूयाबाईंनी सगळं पेरलं. कुणाचं ठेवणार आणि कुणाचं टाकणार?

पंधरा-वीस दिवसांत वाफा हिरवा झाला. इतका हिरवा, की माती दिसेना. गाजराचं एक असतं बरं का. रोप दोन बोटं वर आलं की विरळणी करावी लागते. चार बोटांवर एक रोप ठेवायचं, मधली उपटून टाकायची. नाहीतर खाली गाजराला अंग धरायला जागाच उरत नाही. अनसूयाबाईंना हे चांगलं ठाऊक होतं. एका सकाळी त्या वाफ्याशी बसल्या आणि पहिल्या रोपाला हात घातला.

"ते माझ्या बियाचं," कुंपणावरून टिटवी म्हणाली.

अनसूयाबाईंनी हात शेजारच्या रोपाकडे नेला.

"ते माझ्या," अस्वल म्हणालं. ते कधी येऊन मागे उभं राहिलं, कळलंही नव्हतं. "खुशाल उपटा, वहिनी. माझं काही म्हणणं नाही. आमच्या आईच्या हातचं बी होतं, इतकंच."

अनसूयाबाईंनी हात मागे घेतला. भाऊसाहेबांना विचारलं, तर त्यांनी विरळणीचे फायदे अर्धा तास समजावून सांगितले. मात्र विरळणी इतरांच्या रोपांची व्हावी, असं त्यांचं मत पडलं.

प्रश्न सुटेना, म्हणून भाऊसाहेबांनी समिती नेमली. वाफा बचाव समिती. रोज सकाळी बैठक. थंडीचे दिवस, तेव्हा बैठक उन्हात हवी, आणि ऊन तर वाफ्यावर. समिती आधी कडेला बसायची, मग ऊन सरकेल तशी आत सरकायची. अस्वलाची सावली बरोबर वाटाण्यांवर पडायची. अनसूयाबाई सगळ्यांना चहा करून द्यायच्या. टिटवीचं म्हणणं, रोज पाणी घाला. अस्वलाचं म्हणणं, रोज घातलं तर मुळं कुजतील. म्हणून टिटवी बघत असली की बाई पाणी शिंपायच्या आणि अस्वल दिसलं की झारी पदराआड न्यायच्या.

एकदा त्यांनी धीर करून सुचवलं, की मंडळी जरा बाजूला बसली तर रोपांना ऊन लागेल. समितीने सूचना नोंदवून घेतली.

होता होता भोगी आली. सकाळी अनसूयाबाईंनी पहिलं गाजर उपटलं. ते शिवणाच्या दोऱ्याएवढं होतं. दुसरं जरा बरं निघालं, दाभणाएवढं. सगळा वाफा मिळून वाटी भरेना. वाटाण्याच्या शेंगा पाच. आणि दुपारी विहीण जेवायला येणार.

अनसूयाबाई मटकन खाली बसल्या. मग उठल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि मागच्या वाटेने बाजारात गेल्या. पाल्यासकट गाजराच्या चार जुड्या आणल्या आणि वाफ्याच्या कोपऱ्यात पुरल्या. फक्त पाला वर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच लबाडी करत होत्या, कधी एकदा उरकते असं झालं होतं. त्या घाईत जुड्यांची सुतळी सोडायची राहिली.

मान वर केली, तर कुंपणावर टिटवी. ती बघत होती. मग उडून गेली. टिटवीला कळलं म्हणजे दोन्ही जंगलांना कळलं.

दुपारी भामाबाई आल्या. मागोमाग समितीही आली. भामाबाई म्हणाल्या, जेवण मागाहून, आधी बाग बघू, आणि भाजीला लागतील ती गाजरं मीच उपटते. अनसूयाबाईंना 'नको' म्हणायचं होतं. सवय नव्हती. भामाबाईंनी पाला धरला आणि ओढला.

एक गाजर यायचं तिथे सहा आली. सुतळीने बांधलेली.

अनसूयाबाईंच्या मनात आलं, आपण साळिंदर आहोत, आत्ताच्या आत्ता इथेच खड्डा करून आत जावं.

भाऊसाहेबांनी घसा साफ केला. "हे जुडी वाण आहे," ते म्हणाले. "जुडीनेच येतं. आमच्या समितीची शिफारस होती."

"बी माझं," टिटवी म्हणाली.

"निम्मं माझं," अस्वल म्हणालं.

"आणि ही सुतळी?" भामाबाईंनी विचारलं.

"या वाणाला ती उपजतच असते," भाऊसाहेब म्हणाले. "तुमच्याकडे अजून आलं नसेल."

भामाबाईंनी सुतळी बोटांनी चाचपून पाहिली. आपलं जंगल मागासलेलं आहे, हे विहिणीच्या दारात कोण कबूल करेल?

"आलंय की," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे फक्त गाठ जरा सैल येते."

भाजी झाली. भामाबाईंनी तीनदा घेतली. घरची गोडी बाजारच्या गाजराला येत नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि जाताना जुडी वाणाचं बी मागितलं. टिटवीने ते द्यायचं कबूलही केलं.

मंडळी गेल्यावर अनसूयाबाई वाफ्याशी आल्या. ती दोऱ्याएवढी गाजरं त्यांनी धुतली आणि सगळी एकदम तोंडात टाकली. इतकी गोड होती, की डोळे आपोआप मिटले.

"काय खाताय?" कुंपणावरून आवाज आला.

"काही नाही," अनसूयाबाई म्हणाल्या. "गवत."

तात्पर्य : घरच्या गाजराची गोडी कशालाच नसते, म्हणून ते आपण खावं. पाहुण्यांसाठी बाजारातून आणून पुरावं. सुतळी सोडायची राहिली तरी घाबरू नये. तिचं कारण सांगायला शेजारी असतातच.