ओवे गावात कोणी हसेना

अपूर्वचं एक ठाम मत होतं, आणि खारघरच्या त्याच्या सोसायटीत ते न ऐकलेला माणूस शोधूनही सापडला नसता. हल्लीचे विडंबनपट म्हणजे निव्वळ थिल्लरपणा. कुणी विग घालतो, कुणी साडी नेसून आपटतो, झालं विडंबन! खऱ्यात नेमकं किती वाढवून घालायचं याला अक्कल लागते. ती आपल्याकडे आहे हे दाखवायला त्याने कॅमेरा घेतला आणि घरातल्या सगळ्या सुट्ट्यांचा बट्ट्याबोळ करून स्वतःच एक विडंबनपट काढला. बायकोने, मितालीने, एकच अट घातली. लोक हसले तर कॅमेरा घरात, नाहीतर विकून टाकायचा.

चित्रपट होता थाटामाटाच्या लग्नांवर. नवरदेव जेसीबीच्या बकेटमध्ये बसून मांडवात येतो, शर्यतीचा बैल वाढदिवसाचा केक खातो आणि शुभेच्छुकांच्या फ्लेक्सवर सर्वांत शेवटी गॉगल लावलेला कुत्रा झळकतो. शूटिंगसाठी ओवे गावच्या दाजींनी अंगण, बैल आणि जेसीबी असं सगळं मोकळ्या मनाने दिलं होतं. म्हणून पहिला खेळ त्यांच्याच अंगणात ठेवला. झाडून सगळी भावकी आली.

पडद्यावर जेसीबी आला. कोणी हसलं नाही. केक आला तेव्हा लोकांनी समाधानाने माना डोलावल्या. कुत्रा आला आणि दाजींच्या बायकोने, सत्यवतीबाईंनी, डोळ्यांना पदर लावला. त्यांना त्यांचा गेलेला वाघ्या आठवला होता. अपूर्वला काही कळेना. आपण चुकून दुसराच चित्रपट लावला की काय, म्हणून त्याने दोनदा लॅपटॉप तपासला.

"ब्येस झालाय," दाजी म्हणाले. "पन केक एकाच मजल्याचा? आमच्या सर्जा बैलाला तीन मजली व्हता."

"दाजी, हे विडंबन आहे. म्हणजे लोक जे करतात ते जरा वाढवून दाखवायचं."

दाजींनी मनापासून विचार केला. "मंग वाढवलंस कुटं? कमीच केलंयस तू."

वर दाजींनी प्रेमाने पाठीवर थाप मारली आणि मुलाच्या, प्रणितच्या, हळदीचं शूटिंग त्यालाच देऊन टाकलं. अंगण वापरलेलं असल्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. मितालीने मात्र कॅमेऱ्याची जाहिरात मोबाइलवर तयार करून ठेवली.

हळदीच्या दिवशी दाजींचा मांडव बघून अपूर्व चक्रावलाच. दोन जेसीबी, दोन्हींच्या बकेटा झेंडूच्या पाकळ्यांनी काठोकाठ भरलेल्या. फ्लेक्सवर सर्जा, आणि त्याच्या शेजारी हार घातलेला वाघ्या. अपूर्वच्या डोक्यात जे कधी आलं नसतं ते सगळं इथे रीतसर चाललं होतं, आणि त्याच्याशिवाय कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सगळं एका चौकटीत बसवायला तो डोळा कॅमेऱ्याला लावून मागे मागे सरकू लागला.

"मागं हळद हाय," सत्यवतीबाई म्हणाल्या. बेंजो वाजवणाऱ्या पार्टीच्या दणदणाटात ते त्याला ऐकू गेलं नाही.

तो भिजवलेल्या हळदीच्या टोपात फतकल मारून बसला. नेमकी त्याच क्षणी नवरदेवासाठी ठेवलेली पहिली बकेट त्याच्या डोक्यावर रिकामी झाली. बेंजो थांबला. पाकळ्यांच्या ढिगातून आधी हळद गळणारा कॅमेरा वर आला, मग पिवळा अपूर्व.

आणि ओवे गाव हसलं. दाजी खांबाला धरून हसले, नवरदेव हसता हसता पाटावरून घसरला, आणि हळदीला आलेल्या मितालीला तर श्वास घेता येईना.

"यात हसण्यासारखं काय आहे?" अपूर्वने विचारलं. तो खरोखरच गोंधळला होता.

"आता वाढवलंस," दाजी डोळे पुसत म्हणाले.

ठरल्याप्रमाणे कॅमेरा घरात राहिला. तसाही हळदीत बुडालेला कॅमेरा विकत कोण घेणार होतं?