दखलपात्र नथ्थूजी

खामगावच्या कोर्टासमोर लिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिणारे नथ्थूजी साऱ्या जगाचे दोन भाग करत : दखलपात्र आणि अदखलपात्र. खानावळीत भाकर करपली, तर अदखलपात्र. वरणात केस निघाला, तर दखलपात्र. मग मालकाची तिथंच उलटतपासणी. मी नमस्कार केला की चष्म्यावरून पाहत म्हणत, "दखल घेतली, वकीलसाहेब!"

मी नुकताच वकील झालो होतो. कोट नवा होता आणि अक्कल तर अजून वापरायलाच काढली नव्हती. पहिल्याच खटल्यात मी मॅजिस्ट्रेटसाहेबांना ठणकावलं, "कोर्टानं माझ्या अशिलाची दखलच घेतलेली नाही!" अशील आरोपी होता. शिपाईसुद्धा हसला.

बाहेर नथ्थूजी म्हणाले, "दखल गुन्ह्याची घेतात, मानसाची नाई. साहेबानं तक्रार वाचली, हे पुढं चालवाचं असं मनाशी ठरवलं, का झाली दखल. कालेजात काय शिकून राह्यले होते तुमी?"

तरी मी शहाणा झालो नाही. एक दिवस पिंपळगाव राजाची एक बाई आली. दिरानं विहिरीवर चारचौघींत तिच्या थोबाडीत मारली होती. पोलिसांनी 'अदखलपात्र' म्हणून वाटेला लावलं होतं. मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "बाई, यात काही होत नाही. घरी जा."

"काऊन जाईल घरी?" नथ्थूजी कडाडले. "अदखलपात्र ते पोलिसाले. म्याजिस्ट्रेटकडं सरळ जाता येते. बस माय, सांग."

ती सांगत गेली, ते लिहीत गेले. ती रडायला लागली की टाक थांबवत. तो अर्ज मी कोर्टात दिला आणि तोंड उघडलं नाही, म्हणून काम बिघडलं नाही. साहेबांनी बाईची शपथेवर जबानी घेतली, दखल घेतली, दिराला समन्स काढलं.

"साहेबानं समदं आयकलं," असं दोनदा सांगून बाई गावी गेली.

मी नथ्थूजींचं कौतुक करायला लागलो. ते टाक पुसत राहिले.

"माही बहीन बी अशीच आली होती, गाल सुजलेला. म्या समजूत घालून सासरी पोचवून देल्ली. आता दर आखाजीच्या सनाले तिले माहेरी आनाले जातो. पानी देते, अन् आतमंधी निघून जाते. एकटाच वापस येतो."

"मग जाता कशाला?" असं विचारण्याइतका मी मूर्ख होतो, विचारलं.

"एखांद्या वर्षी बोलंल ना," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाला बसायची खूण केली.